दांडीवरची मोकळी जागा

१

लोकांना पन्नाशीत मधुमेह निघतो. माझ्या धाकट्या भावाला निसर्ग निघाला.

विमा कंपनीतली चांगली खुर्ची सोडून त्याने शहराच्या कडेला एक बैठं घर घेतलं, मागच्या अंगणात कोंबड्या पाळल्या, आणि फोनवर मला अंड्याच्या बलकाचा रंग समजावून सांगू लागला. मी सगळा जन्म हॉस्पिटलात काढला, शेवटची बरीच वर्षं मेट्रन म्हणून. कुठला पिवळा रंग कौतुकाचा आणि कुठला काळजीचा, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

"ताई, एकदा येऊन तर बघ," त्याचं टुमणं चालूच असायचं.

माझ्या फ्लॅटमधले पाइप फुटले, बाथरूमची फरशी उखडली गेली, म्हणून शेवटी गेले. नाहीतर मी कशाला जाते कोंबड्यांच्या दर्शनाला!

दारात पाय ठेवल्या ठेवल्या त्याने मला मागे नेलं. खुराडं कसलं, तुरुंगच तो. माणूस ताठ उभा राहील एवढा उंच, चारी बाजूंनी बारीक जाळी. मुंगसाने उकरून आत शिरू नये म्हणून जाळी जमिनीतही पुरलेली, वर विटांचा थर. घारीसाठी छताला पत्रा. दाराला दोन कड्या, कारण एक कडी रानमांजराला उघडता येते असं याने कुठेतरी वाचलं होतं.

"दुसरी कडी उघडायला मांजर मदतनीस आणेल," मी म्हटलं.

तो हसला नाही. विनोद त्याने नोकरीबरोबरच सोडला असावा.

भावजय शेजारी उभी राहून मान डोलावत होती. या बाईचं स्वतःचं मत मी इतक्या वर्षांत ऐकलेलं नाही. असलंच तर ते ती बरणीत घालून वरच्या फळीवर ठेवत असणार.

मग खाद्याचं पुराण झालं. कोंबड्यांना सेंद्रियच हवं, आणि सेंद्रिय म्हटलं की विकणारा दुप्पट तोंड पसरतो. म्हणून आधी याने घरी धान्याला मोड आणले, त्याला बुरशी आली. मग भाजीबाजारातून टाकलेला पाला गोळा केला. मग एका पिंपात माश्यांच्या अळ्या वाढवल्या, तेव्हा शेजाऱ्यांनी बोलणं सोडलं. अखेर शहराबाहेर एक गिरणीवाला भेटला. त्याच्याकडे सेंद्रिय आणि स्वस्त, दोन्ही एकाच पोत्यात मिळत होतं.

"ज्याला औषधाचा वास लागलेला नाही ते सेंद्रिय, होय ना?" मी विचारलं. "अशा पुष्कळ गोष्टींनी माणसं गेलेली मी वॉर्डात बघितली आहेत."

"तुझं काहीतरीच असतं, ताई," तो म्हणाला.

२

कोंबडीइतका मूर्ख प्राणी नाही. सावली पडली तरी दचकते आणि सुरी समोर दिसली तरी दाणे टिपत राहते. तरीही संध्याकाळी चहाचा कप घेऊन मी मागच्या पायरीवर बसायचे, कारण त्या घरात बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

उजेड उतरायला लागला की कोंबड्या आपण होऊन आत जात. खुराड्यात या बाजूच्या जाळीपासून त्या बाजूच्या जाळीपर्यंत एक जाड लाकडी दांडी होती. एकेक करून त्या तिच्यावर उडून बसत. पहिल्या संध्याकाळी मला वाटलं, अजून काही यायच्या राहिल्या आहेत. कारण सगळ्या डाव्या टोकाला, एकमेकींच्या अंगावर रेलून, चेंगरून बसल्या होत्या. शेवटची तर जाळीला चिकटली होती. उजवीकडची निम्म्याहून जास्त दांडी मोकळी.

"बाळ्या, अरे एवढी जागा सोडून ह्या अशा काय कोंबल्यात?"

"ऊब लागते ना त्यांना."

माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. त्याच्या सदऱ्याची पाठ ओली होती.

"उकाड्यात ऊब?"

"तुला कोंबड्यांतलं कळत नाही, ताई."

हे मात्र खरं होतं, आणि मला त्याचा अभिमानच होता.

"आधी पसरून बसायच्या," भावजय म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं. तिने कप उचलले आणि ती आत गेली.

पुढच्या संध्याकाळी मी मुद्दाम बघितलं. कोंबड्या उडाल्या, बसल्या, दांडीवर थोड्या पसरल्याही. मग उजव्या बाजूची सर्वांत पहिली कोंबडी जरा हलली. एक पाय उचलला, डावीकडे ठेवला. दुसरा उचलला, तोही डावीकडे. तिच्या धक्क्याने तिच्या पलीकडची सरकली, तिच्या धक्क्याने तिच्याही पलीकडची. ओरडणं नाही, चोच मारणं नाही. डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या बाकावर उशिरा आलेल्या कुणा वजनदार माणसाला लोक जशी जागा करून देतात, अगदी तशी.

येणारं कोणीच नव्हतं. मी पूर्ण वेळ बघत होते.

३

दाणे संपू लागले. धाकट्याचा हिशेब असायचा की पोतं अमुक दिवस पुरणार. ते कधीच पुरेना.

"सांडतात फार," तो म्हणाला.

मी जाऊन बघितलं. खाद्याचं पत्र्याचं लांबट भांडं दांडीच्या समोर ठेवलेलं होतं. डाव्या बाजूला कोंबड्यांनी आपल्या वळणाप्रमाणे अर्धे दाणे खाऊन अर्धे उधळले होते. उजव्या बाजूला भांडं लख्ख. आजूबाजूला एक दाणा सांडलेला नाही. कोंबडी इतकं शिस्तीत खात नाही. माझ्या हाताखालच्या नर्ससुद्धा खात नव्हत्या.

घूस असणार. मी गुडघ्यांवर बसून, या वयात, जाळीची इंचन्‌इंच बाजू हाताने चाचपली. भोक नाही. विटा जागच्या जागी. घुशीच्या लेंड्या नाहीत. दांडीखाली डावीकडे कोंबड्यांची विष्ठा पसरलेली, उजवीकडे काही नाही. तिथला लाकडाचा भुसा मात्र दबलेला होता. पेशंट उठून गेल्यावर गादीत जशी खोलगट जागा राहते तसा. मी हात ठेवला. मग उगाच ठेवला असं वाटून उचलला.

"तू आत जाऊन बसतोस का रे?" मी धाकट्याला विचारलं.

"मी कशाला बसू?"

"निसर्गाच्या जवळ जायला."

"ताई, बोल तू काहीही. पण मुंगूस बघितलंस का एकदा तरी? आधी रोज कुंपणापाशी यायचं, जाळीला नाक लावायचं. शेजारची मांजरं यायची. आता एक येत नाही. जाळी काय केली आहे बघ!"

छाती फुगवून सांगत होता बापडा. विमा कंपनीत याने नुकसानीचे दावे तपासले होते म्हणे. त्या कंपनीची मला दया आली.

"जाळी मुंगसाला खुराड्यात येऊ देत नाही, हे समजलं," मी म्हटलं. "पण ते अंगणातसुद्धा पाय ठेवत नाही, तेही जाळीमुळेच?"



४

मला खाद्याचाच संशय होता. स्वस्त वस्तूवर माझा विश्वास नाही. धाकट्याबरोबर मी गिरणीवर गेले.

गिरणीवाला डोक्यापासून पायापर्यंत पिठाने माखलेला, गोल, हसरा माणूस. त्याला मी वॉर्डातल्या नव्या पोरीला विचारावं तसं विचारलं.

"यात काय काय असतं?"

"मका, गव्हाचा कोंडा, सूर्यफुलाची पेंड, शिंपल्यांचा चुरा."

"आणि?"

"आणि काही नाही, बाई. शेतं माझ्या भावांची, गिरणी माझी. मधे दलाल नाही, म्हणून परवडतं."

मी पोत्यात हात घातला, मूठभर दाणे बाहेर काढले, वास घेतला, एक दाणा दाताखाली फोडला. मका होता. निव्वळ, चांगला मका. माझा हिरमोड झाला.

पोती डिकीत टाकता टाकता गिरणीवाल्याने धाकट्याला विचारलं, "पक्षी वाढवलेत वाटतं? बदकं घेतलीत?"

"नाही. आहेत तेवढ्याच कोंबड्या."

"मग तुम्ही आणखी कोणाला तरी खायला घालताय, साहेब," असं म्हणून तो पोट हलवत हसला.

गाडीत मी पुढे बसायला दार उघडलं, तर धाकटा म्हणाला, "ताई, तू मागे बस ना."

"का? पुढे कोण बसणार आहे?"

"कोणी नाही. मागे ऐसपैस होईल तुला."

मी मागे बसले. घरी येईपर्यंत त्याचा उजवा खांदा दाराला चिकटलेला होता. डोकं काचेला टेकलं होतं. वळणावर स्टिअरिंग फिरवताना त्याचं कोपर दारावर आपटत होतं, तरी तो जागचा हलत नव्हता.

"नीट बस की."

"बसलोय की," तो म्हणाला, आणि मला आरशात त्याचा चेहरा दिसला. त्याला खरोखरच वाटत होतं की तो नीट बसला आहे.

५

एकदा बघायची सवय लागली की सुटत नाही.

घरात मधे एक बोळ होता, दोन माणसं आरामात शेजारून जातील असा. हे दोघं त्यातून भिंतीला पाठ घासत जात. दिवाणखान्यात लांबरुंद सोफा होता. त्याच्या एका टोकाला दोघं बसत, मांडीला मांडी लावून. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं प्रेम मी कुठेच बघितलेलं नाही, तेव्हा हे प्रेम नव्हतं. जेवणाच्या टेबलावर ताटं एका कडेला, इतकी की भावजयीचं ताट निम्मं बाहेर लोंबत असे आणि ती ते एका हाताने धरून जेवत असे.

"अगं, आत घे की ताट!"

"राहू दे, ताई. होतं माझं."

"इथे कोण जेवायला येणार आहे?"

यावर ती हसली.

सकाळी त्यांच्या खोलीत चादरी बदलायला गेले. मला पसारा बघवत नाही. दोन्ही उश्या पलंगाच्या कडेला, भिंतीशी, एकावर एक. पलंगाची उरलेली बाजू रिकामी, पण तिथली चादर गुळगुळीत नव्हती. दबलेली होती.

त्याच दिवशी धाकटा अंघोळ करून उघड्या अंगाने बाहेर आला. त्याच्या डाव्या दंडावर आणि खांद्यावर लालसर, काळपट डाग होते. मी त्याला तिथेच थांबवलं, डाग बोटाने दाबून बघितले. त्यात भिंतीच्या गिलाव्याची खडबड उमटली होती.

"हे काय आहे?"

"लागलं असेल कुठेतरी."

"बाळ्या, मला शिकवू नकोस. ह्या दाबाच्या खुणा आहेत. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला पडतात. ज्याला कूस बदलता येत नाही त्याला."

तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. मान थोडी वाकडी करून, एका डोळ्याने. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

६

त्यांतली एक पांढरी कोंबडी मेली.

सकाळी धाकट्याने दोन्ही कड्या काढल्या, आणि त्याचा आवाज ऐकून मी धावले. ती दांडीच्या डाव्या टोकाला, जाळी आणि दुसरी कोंबडी यांच्यामधे उभीच्या उभी राहिली होती. बाकीच्या उतरल्या तेव्हा ती खाली पडली. चावा नाही, रक्त नाही, एक पीस उपटलेलं नाही. हातात घेतली तर अंग सपाट लागलं. फासळ्या मोडल्या होत्या.

धाकटा तिला पोटाशी धरून रडायला लागला. पन्नाशीचा बाप्या, कोंबडीसाठी.

"जाळी आणखी बारीक हवी," तो हुंदके देत म्हणाला. "कुठूनतरी काहीतरी येतंय."

माझा तोल गेला. "अरे गाढवा, बाहेरून काही आलेलं नाही! तुझ्या त्या तुरुंगात मुंगी शिरणार नाही. चेंगरून मेली ती. बाजूला एवढी दांडी मोकळी पडली होती. मूर्ख पाखरू, उठून तिकडे बसायला काय झालं होतं?"

भावजय दारात उभी होती, चौकटीच्या एका कडेला.

"ताई," ती हळू आवाजात म्हणाली, "आपण तरी कुठे बसतो?"

"आपण म्हणजे कोण? मी बसते!"

"तुम्हाला अजून सांगितलं नसेल," ती म्हणाली.

"कोणी?"

तिने आपल्या उजव्या बाजूला, रिकाम्या चौकटीकडे एकदा बघितलं, आणि ती आणखी थोडी कडेला सरकली.

७

मी कोणासाठी सरकणाऱ्यातली नाही. वॉर्डाच्या बोळातून मी निघाले की मोठमोठे सर्जन भिंतीला लागायचे. या दोघांचा भ्रम, कोंबड्यांची खोड, माझी उन्हाने तापलेली टाळू, या सगळ्याचा निकाल एकदाच लावायचा म्हणून त्या संध्याकाळी, अजून चांगला उजेड असताना, मी खुराड्यात शिरले. दांडीला लागूनच अंडी घालण्याच्या खोक्यांवर एक लांब फळी होती. तिच्यावर बसले. उजवीकडे, बरोबर मोकळ्या जागेत.

धाकटा आणि भावजय जाळीबाहेर उभे होते.

"ताई, नको," धाकटा म्हणाला.

"तोंड बंद कर."

कोंबड्या आत आल्या. मला बघून थबकल्या, मग उडून दांडीवर डावीकडे बसल्या. माझ्या डोक्यापाशी त्यांच्या पंखांचा वारा लागला. सगळं ठीक होतं. भुशाचा वास, दाण्यांचा वास, पत्र्याची थंड होताना होणारी टिकटिक. मला हसू यायला लागलं.

तेवढ्यात कोंबड्या सरकल्या. आणि माझ्या उजव्या हाताला फळी खाली गेली.

पलंगाच्या कडेला माणूस बसलं की गादी किती खचते, यावरून न बघता त्याचं वजन सांगणारी बाई आहे मी. हे वजन मला सांगता आलं नाही. माझ्या डोक्याने लगेच फळीचे खिळे, कुजलेलं लाकूड, अशी कारणं पुढे केली. ती पुरी व्हायच्या आत माझ्या उजव्या दंडाला ऊब लागली. अंगावर झोपलेल्या जनावराची असते तशी, जड, संथ. आणि धक्का लागला. रागाचा नव्हता. 'जरा सरका' असा.

मी सरकले नाही. उलट खांदा लावून ढकललं.

"पलीकडे हो," मी म्हटलं. वॉर्डातल्या आवाजात. त्या आवाजाने दारुडे शुद्धीवर यायचे.

काही झालं नाही. दांडीवरच्या कोंबड्या झोपायला लागल्या. कोंबडीचा डोळा मिटताना तुम्ही जवळून बघितला आहे का? आपली पापणी वरून खाली येते. त्यांची खालून वर चढते. डावीकडच्या सगळ्यांच्या पापण्या तशा चढल्या, एकदम, एका वेळी.

मी मान उजवीकडे वळवली. पत्र्याखाली सावली होती आणि मला वाटत होतं ती सावलीच आहे. मग माझ्या तोंडाच्या इतक्या जवळ की माझा श्वास त्याला लागत असावा, ताटाएवढी एक फिकट, सुरकुतलेली कातडी हळूहळू खालून वर चढत गेली. तिच्या वरच्या कडेला ओलं काहीतरी चमकलं आणि झाकलं गेलं.

त्याने माझ्याकडे बघितलंही नव्हतं. एवढंच मला लख्ख कळलं. मी तिथे होते, मी ओरडले होते, मी खांदा लावला होता, आणि त्याला त्यात डोळा उघडा ठेवण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

पुन्हा धक्का लागला.

मी सरकले. जाळीपर्यंत सरकले. तारा गालात रुतल्या तरी सरकत राहिले. बाहेर ते दोघं माना वाकड्या करून उभे होते. धाकट्याने कड्या काढल्या आणि मला हाताला धरून ओढलं, तोवर मी तिथेच, तशीच होते.

८

दुसऱ्या दिवशी मी दोघांना माझ्या फ्लॅटवर आणलं. विचारलं नाही, आणलं. निघताना खुराड्याचं दार सताड उघडून ठेवलं आणि दाण्यांची सगळी पोती आत रिकामी केली. कोंबड्या बाहेर आल्या नाहीत. दारापर्यंतही आल्या नाहीत. धाकटा गाडीत रडत होता, मी त्याला रडू दिलं.

पाइप दुरुस्त झाले होते. चौथा मजला, अंगण नाही, खिडकीत कुंडीसुद्धा नाही. दोघंही हळूहळू माणसात आले. धाकट्याच्या खांद्यावरच्या खुणा आधी पिवळ्या पडल्या, मग गेल्या. भावजयीने तर मतांची बरणीच उघडली. माझा चहा पाणचट असतो हे तिने मला तोंडावर सांगितलं. मी मनातून खूश झाले. पुन्हा सगळ्यांना नावं ठेवायला लागले, शेजाऱ्यांपासून सुरुवात केली.

खुराड्याचा विषय आम्ही काढत नाही. गिरणीवाल्याचा एकदा फोन आला, बरेच दिवस पोतं नेलं नाही म्हणून. धाकट्याने घर विकायला काढलं आहे एवढंच सांगितलं.

काल संध्याकाळी आम्ही तिघं सोफ्यावर बसून टीव्ही बघत होतो. धाकटा एका टोकाला, पाय लांब सोडून. भावजय त्याच्याशेजारी, ऐसपैस. कार्यक्रम टुकार होता, आणि तो किती टुकार आहे हे मी त्यांना समजावून सांगत होते.

"ताई," भावजय मधेच म्हणाली, "तुम्ही अशा का बसल्यात?"

"कशी बसलेय?"

"अंग चोरून. सोफ्याच्या पार टोकाला."

मी खाली बघितलं. सोफ्याचा लाकडी हात माझ्या बरगड्यांत रुतला होता. कधीपासून रुतला होता कुणास ठाऊक, साडीवर त्याची रेघ उमटली होती. मला दुखत कसं नव्हतं?

"बसलेय की नीट," मी म्हटलं.

"नीट कुठे? या ना इकडे. केवढी जागा आहे!"

आणि तिने आम्हा दोघींच्या मधल्या मोकळ्या जागेवर, दाखवण्यासाठी, हाताचा तळवा टेकवला.

टीव्हीवर कोणीतरी हसत होतं. तिने हात उचलला, मांडीवर घेतला, आणि दुसऱ्या हाताने झाकला.

"गरम आहे," ती म्हणाली.